फौजीचं 'पाल्य' म्हणजे नक्की कोण?

ज्यांना बसमध्ये, ऑफिसात किंवा घरच्यांसमोर इयरफोन लावता येत नाहीत, त्यांच्यासाठी हा एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना घेतलेले श्वास आणि 'म्हणजे ना' तेवढं कमी केलंय, बाकी बोललो तसंच आहे.

आजचा एपिसोड एका शब्दावर आहे. शब्द आहे 'पाल्य'. रोजच्या बोलण्यात आपण तो वापरत नाही. 'माझं पाल्य कॉलेजला गेलंय' असं कुणी म्हणत नाही. पण सरकारी फॉर्म उघडला की हा शब्द हमखास भेटतो : माजी सैनिकांचे पाल्य, स्वातंत्र्यसैनिकांचे नामनिर्देशित पाल्य. इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडला 'डेफ-१' हा कोड बघितला असेल तर तोही याच घरातला. डेफ-१ म्हणजे महाराष्ट्राचा अधिवास असलेल्या माजी सैनिकाचं मूल, डेफ-२ म्हणजे अधिवास इथला पण वडील किंवा आई अजून सेवेत, आणि डेफ-३ म्हणजे अधिवास बाहेरचा पण बदली होऊन महाराष्ट्रात आलेल्यांचं मूल. एवढं बारीक का मोजलंय? कारण नोकरी करणारा एक आणि फायदा घेणारा दुसरा. मधला धागा नात्याचा, आणि नातं कागदावर सिद्ध करावं लागतं.

हा धागा कोणी, कधी, कसा विणला, ते आज बघू. सुरुवात आपल्या ओळखीच्या एका सुभेदारापासून करू.

सुभेदार रामजी सकपाळ यांची शाळा

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवायचे, हे आपल्याला माहीत असतं. त्यामागची व्यवस्था मात्र फारशी सांगितली जात नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षण सक्तीचं होतं, आणि मुलांमध्ये मुलीही आल्या, असं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. ज्या काळात गावातल्या शाळेच्या पायरीवर अस्पृश्य मुलाला उभं करत नव्हते, त्या काळात छावणीच्या आत त्याच जातीच्या शिपायाची मुलगी पाटी घेऊन बसू शकत होती.

पण या सोयीला एक कुंपण होतं. १४ एप्रिल १८९१ ला महूच्या छावणीत भीमराव जन्मले. त्यानंतर काहीच वर्षांत रामजी निवृत्त झाले, आणि कुटुंब दापोलीला, मग साताऱ्याला आलं. साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना वर्गात वेगळं, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावं लागलं. वडील तेच, सुभेदारीही तीच. फक्त छावणी मागे राहिली होती. शिक्षणाची सोय नोकरीला चिकटलेली होती, माणसाला नाही. त्याच सुमारास, १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला, महारांची लष्करातली भरतीच बंद झाली. म्हणजे पुढच्या पिढीला तर छावणीची शाळाही उरली नाही.

हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या सव्वाशे वर्षांतला प्रत्येक नियम दोनच प्रश्नांची उत्तरं देतो. शिपाई नोकरीतून बाहेर पडला तरी त्याच्या मुलाचा हक्क टिकतो का? आणि 'त्याचं मूल' म्हणजे कोण?

'शिपायाचा मुलगा' ही पहिली व्याख्या

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून लाखो जण लढायला गेले. परत आलेल्यांच्या मुलांसाठी इंग्रज सरकारने १९२५ मध्ये झेलम आणि जालंधरला शाळा काढल्या, पुढे १९३० मध्ये अजमेरला. नाव 'किंग जॉर्ज रॉयल इंडियन मिलिटरी स्कूल'. आपल्या बाजूला बेळगावची शाळा आली १९४५ मध्ये, दुसरं महायुद्ध संपलं त्या वर्षी. यांतल्या भारतात राहिलेल्या शाळांना आज 'राष्ट्रीय मिलिटरी स्कूल' म्हणतात.

या शाळा कोणासाठी होत्या? शिपायांच्या मुलांसाठी. इथं 'मुलांसाठी' म्हणजे मुलग्यांसाठी. १९५२ मध्ये अधिकाऱ्यांच्या आणि सिव्हिलियन लोकांच्या मुलग्यांनाही दार उघडलं. मुलींना दार उघडायला २०२० नंतरचं दशक उजाडावं लागलं, तेही सर्वोच्च न्यायालयात विषय गेल्यानंतर. कंपनीच्या पलटणीत जी मुलगी पाटी घेऊन बसत होती, तिला लष्कराच्या नव्या शाळेत बसायला शंभर वर्षं वाट बघावी लागली. इतिहास नेहमी पुढेच जातो असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही तारीख वहीत लिहून ठेवावी.

एक गैरसमजही इथंच काढून टाकू. 'सैनिक स्कूल' म्हणजे सैनिकांच्या मुलांची शाळा असं बऱ्याच जणांना वाटतं. २३ जून १९६१ ला सुरू झालेलं साताऱ्याचं सैनिक स्कूल हे देशातलं पहिलं. ते काढलं अधिकारी घडवायला. तिथं शेतकऱ्याचा मुलगाही परीक्षा देऊन जातो. सेवेतल्या आणि माजी सैनिकांच्या मुलांना तिथं २५ टक्के जागा असतात, बस. आपल्या तुळजापूरच्या सैनिकी शाळेचंही तसंच : नावात सैनिक आहे म्हणून प्रवेशाला वडील फौजीच पाहिजेत असं नाही.

आपला जिल्हा उशिरा का आला?

आता धाराशिवकडे वळू. ब्रिटिशांच्या सैन्यात मराठी मुलखातून भरती व्हायची ती मुख्यतः सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या पट्ट्यातून. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात. १३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे भारतीय फौजा सोलापूरकडून आत शिरल्या, आणि सुरुवातीचीच चकमक झाली ती आपल्या नळदुर्गला. बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला गेला. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. म्हणजे ज्या भारतीय लष्कराच्या पेन्शनवर आज आपल्याकडची कितीतरी घरं उभी आहेत, ते लष्कर आपल्या जिल्ह्यात पहिल्यांदा आलं ते असं.

म्हणून आपल्याकडे 'सैनिक' दोन प्रकारचे झाले. एक माजी सैनिक, म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले. दुसरे स्वातंत्र्यसैनिक, म्हणजे मुक्तिसंग्रामात तुरुंगात गेलेले, भूमिगत राहिलेले, सीमेवरच्या कॅम्पांत राहून रझाकारांशी लढलेले. या दुसऱ्या प्रकारात 'कुटुंब' वेगळ्या तऱ्हेने ठरलं. केंद्राची पेन्शन १९७२ मध्ये, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी सुरू झाली आणि १९८० मध्ये तिचे नियम सैल केले गेले. अट साधारण सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची, बाईमाणसांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तीन महिन्यांची. स्वातंत्र्यसैनिक वारले की पेन्शन जाते विधवेकडे, नंतर अविवाहित मुलींकडे. मुलग्याकडे जात नाही. राज्याच्या नोकरभरतीत मात्र 'नामनिर्देशित पाल्य' हा प्रकार आहे. तिथं स्वातंत्र्यसैनिकाने स्वतः घरातल्या माणसाचं नाव द्यायचं असतं. आजोबांनी कुणाचं नाव लिहिलं, यावरून भाऊबंदांत अबोला धरलेली घरं मराठवाड्यात शोधावी लागत नाहीत.

ही 'नाव देण्याची' पद्धत लक्षात ठेवा, अमेरिकेत पुन्हा भेटणार आहे.

१८ डिसेंबर १९७१

फौजींच्या बाजूला मोठा बदल झाला तो बांगलादेश युद्धात. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात पाकिस्तानी सैन्य शरण आलं. दोनच दिवसांनी, १८ डिसेंबरला, लोकसभेत शैक्षणिक सवलतीची घोषणा झाली, आणि जानेवारी १९७२ मध्ये आदेश निघाला. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत मारले गेलेले, बेपत्ता झालेले किंवा अपंग झालेले जे सैनिक, त्यांच्या मुलांची पूर्ण फी सरकार भरणार. पुढे २००३ मध्ये सियाचिनमधल्या आणि श्रीलंकेतल्या मोहिमांतल्या घरांनाही यात घेतलं.

इथं पहिल्या प्रश्नाला स्पष्ट उत्तर मिळालं. माणूस नोकरीत नाही, माणूसच नाही, तरी त्याच्या मुलाचा हक्क टिकतो. रामजींच्या वेळी जे छावणीच्या कुंपणाशी संपत होतं, ते आता कुंपणाबाहेर घरापर्यंत आलं.

ते कायमचं पक्कं झालं असंही समजू नका. जुलै २०१७ पासून या सवलतीवर महिन्याला १०,००० रुपयांची मर्यादा घातली गेली. त्यावर बराच गदारोळ झाला, नौदलप्रमुखांनी पत्र लिहून ती काढायची विनंती केली, आणि मार्च २०१८ मध्ये मर्यादा उठली. पुढे शाळा-कॉलेज सरकारी, अनुदानित किंवा मान्यताप्राप्त असलं पाहिजे, ही अट राहिली.

जो युद्धात मेला नाही त्याचं काय?

बहुतेक फौजी युद्धात मरत नाहीत. सतरा-अठरा, वीस वर्षं नोकरी करतात आणि चाळिशीच्या आत-बाहेर घरी येतात. नेमकं तेव्हा मूल आठवी-दहावीत असतं. म्हणजे पगार थांबतो तेव्हाच शिक्षणाचा खर्च सुरू होतो. या घरांसाठी २००६-०७ मध्ये पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना आली. पैसा राष्ट्रीय संरक्षण निधीतून येतो.

नियम थोडक्यात सांगतो. अर्जदार माजी सैनिकाचं किंवा माजी तटरक्षकाचं मूल किंवा विधवा असावी. अधिकारी हुद्द्याखालच्यांची घरं या योजनेच्या मध्यभागी आहेत. प्रवेशाला जे शिक्षण लागतं, म्हणजे बारावी, डिप्लोमा किंवा पदवी, त्यात किमान ६० टक्के हवेत. अभ्यासक्रम व्यावसायिक हवा : बीई, बीटेक, एमबीबीएस, बीएड, बीफार्म असे. वडील अजून सेवेत असतील तर नाही. परदेशी शिक्षणाला नाही. दरवर्षी ५,५०० जागा, निम्म्या मुलींच्या, निम्म्या मुलांच्या. २०१९ पासून रक्कम मुलींना महिन्याला ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये. आधी २,२५० आणि २,००० होती. चार वर्षांच्या बीटेकचा हिशोब केला तर मुलीला १,४४,००० आणि मुलाला १,२०,००० रुपये. जागा वाटताना युद्धात गेलेल्यांची मुलं सगळ्यात आधी, मग अपंग झालेल्यांची, असं करत शेवटी सर्वसाधारण निवृत्त जवानांची.

आणि सगळ्यात महत्त्वाची अट : नवा अर्ज पहिल्या वर्षालाच करायचा. दुसऱ्या वर्षाला 'आता करतो' चालत नाही.

शाळकरी मुलांसाठी वेगळा फंड आहे, संरक्षणमंत्र्यांचा माजी सैनिक कल्याण निधी. हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याच्या माजी सैनिकाच्या दोन मुलांपर्यंत, पहिलीपासून पदवीपर्यंत, महिन्याला १,००० रुपये मिळायचे. नोव्हेंबर २०२५ पासून ते २,००० झालेत.

'बेबी' नावाची मुलगी

आता दुसरा प्रश्न : 'त्याचं मूल' म्हणजे कोण? उत्तर एका कागदात आहे. त्याचं नाव 'पार्ट टू ऑर्डर'. जवानाचं लग्न झालं, मूल झालं की युनिटमध्ये त्याची नोंद प्रसिद्ध होते आणि त्याच्या रेकॉर्ड ऑफिसला जाते. मराठा लाईट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला. निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या डिस्चार्ज बुकात हीच नावं उतरतात. मी दिवसभर डेटाबेसमध्ये काम करतो, म्हणून माझ्या भाषेत सांगतो : वडील हा एक तक्ता, मूल हा दुसरा तक्ता, आणि पार्ट टू ऑर्डर ही त्यांना जोडणारी किल्ली. ती किल्ली नसेल तर मूल घरात असतं, सिस्टीममध्ये नसतं.

माझे एक काका हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांची मुलगी कळंबच्या दवाखान्यात जन्मली तेव्हा ते ईशान्येला होते. घरून पत्र गेलं, दाखला गेला, नोंद झाली. पण बारसं व्हायचं होतं. त्यामुळे रेकॉर्डला नाव लागलं 'बेबी'. अठरा वर्षं कुणालाच त्याची गरज पडली नाही. इंजिनिअरिंगला नंबर लागला, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला घेतला, तेव्हा दहावीच्या मार्कशीटवर एक नाव आणि डिस्चार्ज बुकात 'बेबी'. मग प्रतिज्ञापत्र, पेपरात जाहिरात, अर्ज, पत्रव्यवहार. दुरुस्ती झाली, पण तोवर पहिल्या वर्षाची मुदत टळून गेली होती. काका एवढंच म्हणाले, "लेकराचं नाव ठेवायच्या आधीच सरकारनं ठेवून टाकलं बघ." उरलेली फी पतसंस्थेच्या कर्जातून गेली. ती आज नोकरी करते आणि हप्ते भरते.

यात कुणी पैसे खाल्ले नाहीत, कुणी उद्धट बोललं नाही. सगळ्यांनी नियमाप्रमाणे काम केलं. म्हणूनच तर हे सांगतोय. असा तोटा पेपरात येत नाही.

अमेरिकेत काय करतात?

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी रील्समध्ये 'जीआय बिल' ऐकलं असेल. २२ जून १९४४ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यावर सही केली. युद्धावरून परतलेल्याला कॉलेजची फी आणि राहण्याचा खर्च. पण तो फायदा फक्त त्याचा स्वतःचा होता. मुलांचा विचार १९५६ मध्ये आला, तोही वडील गमावलेल्या मुलांसाठी. १ ऑगस्ट २००९ पासून तिथं वेगळीच गोष्ट सुरू झाली : सैनिकाने आपला न वापरलेला शिक्षणाचा हक्क बायकोच्या, नवऱ्याच्या किंवा मुलांच्या नावावर करायचा. एकूण ३६ महिन्यांचं शिक्षण, हवं तसं वाटून द्या.

अटी ऐका. सहा वर्षं नोकरी झालेली हवी आणि आणखी चार वर्षं करायची कबुली हवी. नावावर करायचं ते वर्दीत असतानाच, निवृत्त झाल्यावर नाही. मुलाने तो फायदा वयाच्या २६ व्या वर्षाच्या आत वापरायचा. आणि ज्याच्या नावावर करायचं, ते नाव लष्कराच्या कुटुंब-नोंदणीत आधीपासून असलं पाहिजे. म्हणजे त्यांचीही पार्ट टू ऑर्डर आहे, फक्त कॉम्प्युटरवर.

फरक असा आहे. तिथं शिक्षण ही सैनिकाची कमाई आहे, शेतासारखी. तो ती कुणाच्या नावावर करायची ते ठरवतो, आणि सरकार त्याबदल्यात जास्तीची चार वर्षं मागून घेतं. आपल्याकडे बाप मुलाच्या नावावर काही करत नाही. मूल नात्याने थेट पात्र ठरतं आणि स्वतः अर्ज करतं. मला आपली पद्धत जास्त माणुसकीची वाटते. बापाला लेकरांत निवड करावी लागत नाही, आणि बाप विसरला म्हणून हक्क बुडत नाही. पण त्याची किंमत अशी की सगळा भार नात्याच्या नोंदीवर येतो. मग ती नोंद ठेवणाऱ्याच्या मनात 'कुटुंब' कसं आहे, तेच चित्र नियमात उतरतं.

लग्न झालं म्हणून मुलगी संपते का?

याचं सगळ्यात ठळक उदाहरण आपल्या शेजारच्या राज्यात घडलं. अवलंबितांच्या ओळखपत्राच्या नियमात मुलाला २५ वर्षांपर्यंत कार्ड, आणि मुलीला लग्न होईपर्यंत. कर्नाटकातले एक सुभेदार २००१ मध्ये ऑपरेशन पराक्रममध्ये सुरुंग काढताना गेले. मुलगी तेव्हा दहा वर्षांची. मोठी होऊन तिने सहायक प्राध्यापकाच्या भरतीसाठी कार्ड मागितलं, तर लग्न झालंय म्हणून नाकारलं गेलं. ती उच्च न्यायालयात गेली. जानेवारी २०२३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ही लग्नाची अट घटनेच्या समानतेच्या कलमांविरुद्ध ठरवून रद्द केली. लग्नाने मुलाचं मुलगेपण जात नसेल तर मुलीचं का जावं, असा त्या निकालाचा सरळ युक्तिवाद होता. 'एक्स-सर्व्हिसमेन' या शब्दातलं 'मेन' सुद्धा बदला, असं न्यायालयाने सुचवलं, कारण फौजेत आता बायकाही आहेत.

यादी लहानही होते

आतापर्यंतची गोष्ट यादी वाढण्याची आहे : आधी मुलगे, मग मुली, आधी युद्धातले, मग साधे निवृत्त, आधी अविवाहित, मग विवाहित. पण उलटी चालही आहे, आणि ती तुमच्या वयाची आहे. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षं सेवा, मग जास्तीत जास्त २५ टक्के कायम, बाकीचे सेवानिधी घेऊन घरी. योजनेच्या अटींत लिहिलंय की त्यांना पेन्शन नाही आणि 'माजी सैनिक' हा दर्जाही नाही.

आता वरचे सगळे नियम पुन्हा वाचा. जवळजवळ प्रत्येकाची पहिली ओळ 'माजी सैनिकाचे पाल्य' अशी आहे. चार वर्षं वर्दीत राहून आलेला मुलगा त्या व्याख्येत बसत नसेल, तर वीस वर्षांनी त्याचं लेकरूही बसणार नाही. पहाटे चारला उठून सोळाशे मीटर मारणारी पोरं आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. शारीरिक चाचणीचे गुण त्यांना तोंडपाठ असतात. हा नियम किती जणांनी वाचलाय? भरतीला जाऊ नका असं मी म्हणत नाही. जाताना काय मिळतंय आणि काय नाही, हे माहीत असावं, एवढंच. नियम बदलू शकतात, १९७१ ला बदलले, २०१८ ला बदलले, २०२३ ला बदलले. पण प्रत्येक वेळी कुणीतरी आधी ते वाचले होते.

आज रात्री करायचं काम

घरात किंवा नात्यात कुणी माजी सैनिक असतील तर त्यांचं डिस्चार्ज बुक मागून बघा. बायकोचं नाव, प्रत्येक मुलाचं नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी आणि दहावीच्या मार्कशीटशी अक्षर न् अक्षर जुळतं का ते तपासा. एखादं मूल राहिलंय का बघा. फरक असेल तर बारावीची वाट बघू नका, आत्ताच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन दुरुस्ती सुरू करा. जुन्या कागदांवर जिल्हा 'उस्मानाबाद' असेल आणि नव्यांवर 'धाराशिव', तर दोन्ही कागद जपून एकाच फाईलमध्ये ठेवा.

आणि तुमच्या ओळखीच्या घरात नववी-दहावीतलं मूल असेल, तर हा एपिसोड त्याच्या आईला पाठवा. वडील अजून ड्युटीवर असतील तर तो कागदांचा ट्रंक तिच्याच ताब्यात असतो.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या.